सात नंबरच्या भिंतीचा श्वास

धुरपताबाईला आकडे आले ते शाळेत नाही, काचेच्या नळीवरून आले. आणि तेही इंग्रजी! त्यामुळे मोठी गंमत व्हायची. खाणीच्या चाळीत दारांवर चुन्यानं मराठी आकडे काढले होते, ते तिला वाचता येत नसत. आपलं घर ती दारापुढच्या वाकड्या पळसावरून ओळखायची. पण खाणीतली हवा तपासायच्या सॅम्पल खोलीत बसली आणि नळी समोर आली, की पाण्याची रेघ सत्त्याऐंशी आठवर आहे की सत्त्याऐंशी नऊवर, हे ती एका नजरेत सांगायची. तिथल्या घोषालबाबूंना त्यासाठी चष्मा पुसून दोनदा पाहावं लागायचं.

हे सगळं छप्पन्न सालचं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि गडचिरोली चांद्यातच होतं. माजरीच्या खालच्या अंगाला, वर्धा नदीकडं, पिंपळबोडी नावाची एक खाजगी कोळसा खाण होती. आता ना ती कंपनी राहिली, ना ती चाळ. धुरपता मूळची एटापल्लीकडच्या जंगलातली, गोंडांच्या घरातली. नवरा वारलू खाणीत छताला लाकडी थुने लावायच्या कामावर होता, त्याच्यासोबत ती आली. बायांना खाणीत खाली उतरायला कायद्यानं मनाई. म्हणून ती वरच, कोळशातले दगड वेचायच्या टोळीत.

तिथून ती सॅम्पल खोलीत कशी पोचली, तेही ऐकण्यासारखं आहे. खाणीचे केमिस्ट घोषालबाबू, बंगालचे, पोटानं अधू, स्वभावानं गरीब. त्यांच्याकडं शिश्या धुवायला जे दोन गडी होते त्यांनी दोन महिन्यांत अकरा शिश्या फोडल्या. शिश्या यायच्या कलकत्त्याहून. घोषालबाबू एक दिवस वैतागून टोळीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जिच्या हातून आजवर मडकं फुटलं नाही, अशी कोणी आहे का?"

सगळ्या बाया हसल्या. धुरपता तेवढी हसली नाही.

"माह्या हातून एक फुटलं," ती म्हणाली. "पण ते मी फोडलं. सासूच्या पायाजवळ."

घोषालबाबूंना मराठी अर्धीच कळायची. त्यांनी तीच बाई उचलली.

खोलीत एक लाकडी पेटी होती, दार उघडलं की आत नुसती काच. बाबू तिला ऑरसॅट म्हणत. धुरपता म्हणायची गॅसची पेटी. एका अंगाला उभी मापनळी, शंभर घरांची, एकेका घरात दहा बारीक घरं. तिला खालून रबरानं जोडलेली पाण्याची एक बाटली. ही बाटली वर उचलली की नळीतली हवा पुढं ढकलली जायची, खाली धरली की परत यायची. आणि पुढं ओळीनं तीन फुगीर भांडी, प्रत्येकावर एक तोटी. पहिल्यात पोटॅश, ते जड हवा खायचं. दुसऱ्यात पायरो नावाचं काळंभोर पाणी, ते आपण श्वासात घेतो ती चांगली हवा खायचं. तिसऱ्यात तांब्याचं पाणी. ते जहरी हवा खायचं, जी दिसत नाही, जिला वास नाही, आणि जी घेतल्यावर माणूस बसल्या जागी झोपतो तो उठतच नाही.

म्हणजे बघा, खाणीतली शंभर घरं हवा घ्यायची, एकेका भांड्याला जेवू घालायची, आणि कोणी किती खाल्लं ते नळीवर वाचायचं. इतकंच. पण त्या इतक्यातच सगळी कला. पायरोला पोटभर खाऊ दिलं नाही, तर उरलेली चांगली हवा पुढचं तांब्याचं पाणी खातं आणि नसलेलं जहर दिसतं. म्हणून बाबूंचा एक कायदा होता: हवा आत ढकलायची, परत आणायची, वाचायची, पुन्हा ढकलायची, पुन्हा वाचायची. दोनदा सारखा आकडा आला, तरच पुढची तोटी. धुरपतानं हा कायदा असा पाळला की बाबूच कधी घाई करू लागले तर ती त्यांचा हात बाजूला करायची. वर्षभरात बाबू खुर्चीत बसून चहा पिऊ लागले आणि पेटी धुरपता चालवू लागली.

त्या वर्षी सगळं लक्ष होतं सात नंबरवर. या भागातल्या कोळशाला एक खोड आहे. चुरा साठून पडला की तो आपोआप तापतो, धुमसतो. खाणीतल्या सात नंबरच्या गल्लीत तसंच झालं. मग गल्लीच्या तोंडाशी विटांची जाड भिंत घातली, वर मातीचा लेप दिला, आतली आग हवेवाचून मरू दिली. भिंतीतून एक लोखंडी नळी बाहेर काढली होती, तिला तोटी. दर आठवड्याला घोषालबाबू दुपारचं जेवण करून, पोटावर हात फिरवत, तीन वाजता स्वतः खाली जात आणि त्या तोटीतून शिशी भरून आणत. चार महिने झाले, दर वेळी तांब्याचं पाणी अर्धं घर, पाऊण घर खातच होतं. म्हणजे निखारा आत जिवंत होता.

बाबू सकाळी जात नाहीत ते उशिरा उठायच्या सवयीमुळं, असं धुरपताला वाटायचं. विचारलं कधी नाही.

पुढं घोषालबाबूंच्या मुलीचं लग्न ठरलं. ते महिन्याच्या रजेवर कलकत्त्याला गेले. मोठे मॅनेजरही त्याच सुमारास रजेवर गेले, आणि कारभार आला छोट्या साहेबाकडं. हा साहेब तिशीचा, झाशीकडचा, चालण्यात झपाटा. वाईट नव्हता, पण मोठे साहेब परत येईपर्यंत काहीतरी करून दाखवायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. सात नंबरमागं उत्तम कोळसा आणि नवाकोरा पंप अडकून पडला होता. त्यानं हुकूम काढला: सात नंबरचा सॅम्पल रोज, आणि सकाळी सात वाजता, मला नऊला चहासोबत आकडा टेबलावर पाहिजे.

शिशी आणायचं काम सोमाजी सरदाराकडं, म्हणजे खाणीतल्या मुकादमाकडं, गेलं. गुरुवारी सकाळी त्यानं आणलेली शिशी धुरपतानं पेटीला जोडली. पोटॅशनं जेमतेम खाल्लं. पायरो मात्र खातच सुटलं, खातच सुटलं. वीस घरांच्यावर गेलं. तांब्याच्या पाण्यानं काहीच खाल्लं नाही. रेघ एकोणऐंशी चारवर होती, तिथंच राहिली.

धुरपतानं तोट्या तपासल्या. रबर दाबून पाहिलं. वाटलं पेटी कुठी गळून राह्यली. शुक्रवारी पायरो नवीन करून घातलं. आकडा तोच. शनिवारीही तोच.

छोटा साहेब खुशीत खोलीत आला. "खतम! आग बुझ गई. सोमवारी आठ वाजता भिंत फोडायची. वारलूची टोळी पुढं राहील." आणि रजिस्टर तिच्यापुढं ठेवलं. "पेटी तू चालवलीस ना? लगा अंगूठा."

धुरपतानं अंगठा पदरात घेतला.

"सायेब, हा आकडा त्या भितीमागचा नाई."

"मग कुठला?"

"हा आपला. तुमी-मी श्वास घेऊन राह्यलो, त्याचा. मागच्या आठवड्यात तिथी चांगली हवा पाच घरं होती. आता वीस झाली. भित बंद हाये, तर हवा कुठून घुसली?"

प्रश्न सरळ होता. म्हणूनच साहेबाला राग आला.

"तू शिश्या धुणारी बाई आहेस."

"हाव. म्हणूनच सांगतो. शिशीत काय हाये ते मले मालूम हाये."

"अंगठा नाही लावलास तर सोमवारपासून दगड वेचायला."

"वेचीन. पण अंगठा नाई लावत. वीस वर्सं वेचीन, तरी नाई."

साहेब रजिस्टर आपटून गेला. जाताना म्हणाला, अंगठ्याशिवायही भिंत फुटते.

घरी वारलू भाकर खात होता. तिनं सगळं सांगितलं. त्याला घाम फुटला, पण तो घाम भिंतीच्या नाही, नोकरीच्या भीतीचा होता.

"तू काऊन साह्यबाच्या तोंडी लागतेस? तो इंजिनेर हाये. कागदं शिकून आला."

"आन् भित फोडाले कोण जाईल? कागद का तुमी?"

वारलू चावायचा थांबला.

"राखेतला निखारा पाह्यला ना तुमी? वरून राख थंडी. आन् फुंकर मारली का काय होते?"

"तू मले जेवू देशील का नाई?"

"सोमवारनंतर जेवाले याल तर देईन."

त्या बिचाऱ्याची भाकर तशीच राहिली. बाहेर पळसाखाली सोमाजी सरदार तंबाखू मळत बसला होता. धुरपतानं त्यालाच गाठलं.

"सोमाजीभाऊ, खरं सांगा. शिशी भितीच्या तोटीलेच लावली होती ना? का बाह्यरच भरली?"

सोमाजी उखडला. "बाई, अठरा वर्सं झाली मले. तोटीलेच लावली. उलट तोटी खोलली तं सुस् आवाज बी आला."

"सुस् आवाज आतून बाह्यर, का बाह्यरून आत?"

अठरा वर्षांत हा प्रश्न सोमाजीला कोणी विचारला नव्हता.

आणि इथंच धुरपताला तिचा बाप आठवला. बाप मंगरू, साळिंदराच्या बिळांचा जाणकार. बिळात जनावर आहे का आणि बिळाला दुसरं तोंड आहे का, हे पाहायला मंगरू धूर घालत नसे. धुरानं जनावर सावध होतं. तो कमरेच्या पिशवीतून सावरीच्या कापसाची एक बारीक फुंदी काढायचा आणि बिळाच्या तोंडाशी दोन बोटांत हलकेच धरायचा. फुंदी कुठं झुकते ते पाहत बसायचा. आणि डोंगरातल्या खोल भोकांबद्दल तो पोरांना सांगायचा, "हे जित्तं हाये बरं. सकाळी आत घेते, दुपारून सोडते." पोरं हसायची. मंगरू हसायचा नाही.

धुरपता घरात गेली, वारलूची उशी घेतली आणि तिची शिवण दातानं उसवली. आत सावरीचा कापूस.

"अवं, माही उशी!"

"डोस्कं राह्यलं तं उशी लागंल. उद्या पंपाच्या पाळीले तुमी आन् सोमाजीभाऊ खाली जाता ना?"

रविवारी खाण बंद, पण पाणी उपसायला आणि थुने पाहायला चार माणसं जातच. तिनं कापसाच्या दोन पुड्या बांधून दिल्या आणि दोन शिश्या, मिठाचं पाणी काठोकाठ भरून; पाणी गळेल तशी त्या जागी हवा भरते. सांगितलं ते असं, की सकाळी सातला तोटी खोला, फुंदी धरा, पाहा आणि तोटी बंद करा. शिशी भरायची नाही. दुपारी तीनला पुन्हा फुंदी धरा, आणि ती बाहेर उडाली तरच शिश्या लावा. लावल्यावर तोंडं दुसरीकडं करा, खोल श्वास घेऊ नका.

वारलू दुपारी चारला वर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. दिवा परत करायचंही विसरला, तसाच धावत खोलीच्या दाराशी.

"धुरपते, सकाळी त्या नळीनं कापूस गिळला! खरंच गिळला! बोटातून सुटला आन् आत गेला."

"आन् दुपारी?"

"दुपारी मिशीवर येऊन बसला. सोमाजीच्या."

सोमाजी मागून येत होता. त्यानं मिशीवरून हात फिरवला, अजून काही आहे का म्हणून.

एक शिशी तिनं तेव्हाच पेटीला लावली. पोटॅशनं सात घरं खाल्ली. पायरोनं पाच आणि वर थोडी. दोनदा सारखी रेघ आली: सत्त्याऐंशी आठ. मग तिनं तिसरी तोटी फिरवली, बाटली उचलली, खाली आणली. पुन्हा उचलली. रेघ सत्त्याऐंशी दोनवर येऊन थांबली.

तांब्याच्या पाण्यानं सहा बारीक घरं खाल्ली होती. निखारा तिथंच होता. वारलू नळीकडं पाहत राहिला. त्याला आकडे कळत नव्हते, पण बायकोच्या मानेवरची शीर कळत होती. दुसरी शिशी तिनं न उघडता पाण्याच्या घमेल्यात उलटी ठेवली आणि खोलीची किल्ली कमरेला खोचली.

सोमवारी सकाळी सात वाजता टोळी घण आणि पहारी घेऊन खाणीच्या तोंडाशी जमली, आणि वाटेत धुरपता उभी. लुगड्याचा काचा मारलेला, हातात ती दुसरी शिशी.

"आधी हे मोजू. मग जा."

छोटा साहेब तणतणत आला. "ये क्या तमाशा है? रास्ता सोड!"

"सायेब, तमाशा नाई. काल दुपारून तीनला भरलेली शिशी हाये हे. एका घटकेचं काम हाये. तुमी समोर बसा. माही चूक निघाली, तं पह्यली पहार मीच मारतो. बायांले खाली जाले मनाई हाये म्हणता ना? तरी जातो. मंग द्या मले जेलात."

टोळीत खसखस पिकली. मग वारलूनं, जो आयुष्यात साहेबापुढं मान वर करून उभा राहिला नव्हता, त्यानं हातातली पहार जमिनीवर आडवी ठेवली. ठेवली फक्त. त्याचं पाहून दुसऱ्यानं ठेवली. सहाच्या सहा पहारी खाली आल्या तेव्हा साहेब खोलीकडं वळला.

खोलीत दाटी झाली, दारातून माना आत. धुरपतानं शिशी जोडली. पोटॅश. वाचलं. पुन्हा. वाचलं. पायरो. साहेब घड्याळ पाहू लागला तशी ती आणखी सावकाश झाली. मग तिसरी तोटी. आणि रेघ सगळ्यांदेखत सहा बारीक घरं वर सरकली.

साहेब शिकलेला होता, हे विसरू नका. त्यानं बरोबर नस धरली. "तुझं पायरो शिळं आहे. ते भुकेलंच नव्हतं. उरलेली चांगली हवा तांब्यानं खाल्ली, आणि तू त्याला जहर म्हणतेस."

वारलूला वाटलं, गेलं सगळं.

धुरपताला मात्र आनंद झाला. इतक्या दिवसांत कोणी तिला कामातलं बोललं होतं!

"बरोबर इच्यारलं सायेब. याच पायरोनं शनिवारी वीस घरं खाल्ली, तुमच्याच रजिस्टरात हाये. वीस खाणारं आज पाचातच शिळं झालं का? आन् दोनदा सारखी रेघ तुमीच पाह्यली. नाई पाह्यली? घड्याळ पाहत होते, म्हणून नसंल."

दारातून कोणीतरी हसलं. साहेबाचे कान लाल झाले. पण त्यानं वाकून रेघ स्वतः वाचली. मग हळू आवाजात म्हणाला, "सकाळी नाही, आणि दुपारी आहे. ये कैसे?"

तिनं कमरेतून कापसाची पुडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"तीन वाजता स्वतःच जा. भित श्वास घेते. सकाळी आपलीच हवा आत ओढते, तेव्हा शिशी लावली तं आपलीच हवा भरते. दुपारून ती सोडते. तेव्हा पोटातलं कळते."

त्या दिवशी भिंत फुटली नाही. दुपारी तीनला छोटा साहेब सोमाजीसोबत खाली गेला, पाचला वर आला, आणि थेट बंगल्यावर गेला. दुसऱ्या दिवशी टोळीला काम मिळालं ते सात नंबरच्या भिंतीवर मातीचा आणखी एक हात देण्याचं.

तरी साहेब तो साहेबच. तीन दिवसांनी पुन्हा रजिस्टर आलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवारच्या जागा रिकाम्या दिसतात, वरून तपासणीला माणूस येईल, तेवढे अंगठे लावून टाक म्हणाला.

"नाई."

"अगं, आता भिंत फोडत नाही ना कोणी!"

"तरी नाई. तो आकडा भितीचा नाई."

शेवटी साहेबानं त्या तीन ओळींवर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, सॅम्पल चुकीच्या वेळी घेतला. हे लिहिताना त्याला किती जड गेलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. रविवारच्या ओळीत तो अंगठ्यासाठी शाईची गादी पुढं करू लागला, तर धुरपतानं गादी सरकवली आणि टाक मागितला. अंगठा नाही लावला. स्वतःच्या हातानं, नळीवर असतात तसे, सुबक इंग्रजी आकडे काढले: शंभर, त्र्याण्णव, सत्त्याऐंशी आठ, सत्त्याऐंशी दोन. पुढं सही म्हणून काय काढावं कळेना. तिनं एक उभी नळी काढली.

घोषालबाबू परत आले ते मिठाईचा डबा घेऊन. सगळी हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. बाहेरच्या हवेचा दाब सकाळी चढतो आणि हवा आत ढकलतो, दुपारी उतरतो तेव्हा आतली बाहेर येते, म्हणून तर आपण तीनला जात होतो, असं काहीसं ते सांगू लागले.

"मंग मले आधी काऊन नाई सांगितलं?"

बाबू गोंधळले. "तू विचारलं नाहीस."

"मले वाटे, तुमी उशिरा उठता."

सात नंबर पुढं एक उन्हाळा आणि एक पावसाळा बंदच राहिलं. दर आठवड्याला दुपारी तीनची शिशी यायची, आणि धुरपता आकडा काढायची: सहा बारीक घरं, मग चार, मग दोन. ज्या दिवशी तांब्याच्या पाण्यानं काहीच खाल्लं नाही, त्या दिवसापासून तिनं लागोपाठ आठ आठवडे तोच आकडा मागितला. छोट्या साहेबानं एकदाही घाई केली नाही. मग भिंत उघडली. वारलू सगळ्यांत आधी आत गेला आणि दोन वाजता, रोजच्या वेळी, डबा खायला वर आला.

"पंप कसा हाये?" तिनं विचारलं.

"जंग लागला," वारलू म्हणाला. मग डबा उघडता उघडता थांबला. "आता तरी माह्या उशीत कापूस भरशील का? वर्स झालं, चिंध्यांवर निजून राह्यलो."

"आठ नंबर तापून राह्यला म्हणतात," धुरपता म्हणाली, आणि शिश्या धुवायला उठली.